उशीपाशी एकाहत्तर डेसिबल

गोदीत तिला सगळे गणितबाई म्हणत. तोंडावर नुसतं 'बाई', पाठीमागे 'गणितबाई'. बोट बांधायची तर लोखंड लागतं, वेल्डर लागतात, क्रेन लागते, हे कुणालाही कळतं. पण जी बोट अजून कागदावरून खाली उतरलेली नाही, तिच्या कुठल्या खोलीत किती आवाज होईल हे एक बाई खुर्चीत बसून सांगते, याचं तिथल्या लोकांना पहिल्यापासून नवल वाटे. थोडं नवल, थोडी थट्टा. वेल्डिंगच्या फोरमनला, वयामुळे आणि मिशांमुळे, सगळी गोदी मामा म्हणायची. ते जेवणाच्या सुट्टीत तिला गाठून विचारत, "बाई, आमच्या घरातला आवाज काढून द्या की एकदा. मामी धरून आणि मामी सोडून, असे दोन आकडे."

"मामी सोडून निघेल," ती म्हणे. "मामी धरून काढायला संगणक पुरायचा नाही."

काम मात्र थट्टेचं नव्हतं. बोटीच्या पोटात इंजिन असतं आणि इंजिनाला जोडलेली गिअरबॉक्स. गिअरचे दात सेकंदाला दोन हजार वेळा एकमेकांत अडकतात आणि सुटतात, आणि ती थरथर लोखंडातून चढत चढत माणसांच्या खोल्यांपर्यंत पोचते. इंजिनाच्या धडधडीसारखा जाडाभरडा आवाज असेल तर पत्रा कुठे किती वाकेल ते बिंदूबिंदूने काढता येतं. पण आवाज जितका बारीक तितकी लाट आखूड. दोन हजारांच्या थरथरीत लोखंडातली लाट जेमतेम वीतभर. अख्ख्या बोटीत अशा वीतवीतभर लाटा मोजायच्या म्हणजे बिंदू कोट्यवधी. आणि एवढं करूनही एखादा वेल्ड बोटभर इकडचा तिकडे झाला की सगळं उत्तर फिरतं. म्हणून तिथे बिंदूंचा नाद सोडून सरासरी धरतात. हा डेक म्हणजे एक टाकी, ही भिंत दुसरी टाकी, ती खोली तिसरी. टाकीत पाण्याऐवजी थरथरीची ऊर्जा. एकीतून दुसरीत किती झिरपते, जागच्या जागी किती जिरते, हे मांडलं की प्रत्येक टाकीची पातळी मिळते. खोलीची पातळी म्हणजे खोलीतला आवाज.

"म्हणजे नळ आणि टाकीचं गणित," मामा म्हणाले होते. "शाळेत मी त्याच्यातच नापास झालो."

बारा वर्षांत तिने आठ बोटींचं गणित केलं होतं. ताब्यात देताना आवाज प्रत्यक्ष मोजत, तेव्हा तिच्या आकड्यात आणि मोजलेल्या आकड्यात कधी दोन डेसिबलपेक्षा जास्त फरक पडला नव्हता. याचा तिला अभिमान होता. तो ती बोलून दाखवत नसे, पण होता.

आठवी बोट पाण्यात उतरून सात महिने झाले होते तेव्हा एका सोमवारी साहेबांनी तिला वर बोलावलं. साहेब म्हणजे गोदीचे मुख्य अभियंता. माणूस वाईट नव्हता, पण त्यांना भानगड म्हणून नको असे. कुठलीही गोष्ट एका कागदावर मावली की ती मिटली, असा त्यांचा स्वभाव.

"बसा बाई. आठव्या बोटीवरच्या आचाऱ्याचा हात भाजलाय. उकळत्या तेलाची कढई कलंडली."

"अरे देवा. फार?"

"कोपरापर्यंत. डोळे वाचले हे नशीब. पण आता तो म्हणतोय की पाच महिने केबिनमध्ये झोपच लागली नाही. कसली तरी शीळ वाजते म्हणे. उभ्याउभ्या डुलकी लागली आणि कढईवर गेला. डॉक्टरांनी कान तपासले, कान ठणठणीत. बोटीवर बाकी कुणालाही शीळ ऐकू येत नाही. चौकशी समितीला आपलं मत हवंय. त्या केबिनचा तुमचा आकडा काय होता?"

"सत्तावन्न."

"आणि ताब्यात देताना मोजला तेव्हा?"

"अठ्ठावन्न."

"मर्यादा साठ. मग झालं तर! तेवढंच लिहा. चार ओळी, खाली सही."

तिने जागेवर येऊन चार ओळी लिहिल्या. सदर केबिनमधील आवाज गणिताने आणि मोजणीने मर्यादेत आहे. तक्रारीतल्या शिळेला आकडेवारीत आधार सापडत नाही. शब्द न् शब्द खरा होता. पंधरा मिनिटांत कागद वर गेला आणि ती जेवायला गेली. त्या दिवशी भाजीत मीठ कमी होतं हे तिला पुढे कितीतरी दिवस आठवत राहिलं, आणि सही करताना काय वाटलं ते काही केल्या आठवेना.

तीन आठवड्यांनी फाटकावरून पहारेकऱ्याचा फोन आला. "बाई, एक गृहस्थ आलेत. नाव सांगत नाहीत. म्हणतात, ज्यांनी कागद लिहिला त्यांना भेटायचंय."

माणूस उंच होता, पण वाकलेला. पन्नाशीचा असेल. उजव्या हातावर बोटांपासून कोपरापर्यंत पट्टी, आणि तिच्या कागदाची घडी डाव्या हातात. भांडायला आला असेल म्हणून ती मनातल्या मनात उत्तरं जुळवत गेली होती. पण त्याने तिला पाहून नमस्कारासाठी हात उचलला, पट्टीचा हात अर्ध्यावर थांबला, आणि तोच ओशाळला. तिने त्याला कँटीनमध्ये नेऊन बसवलं.

"मी आचारी. त्या बोटीवरचा," तो म्हणाला. "मॅडम, तुम्ही माझ्या खोलीत कधी आला होतात?"

"मी नाही आले. आमची माणसं आली होती मोजायला."

"कशी मोजली त्यांनी?"

"खोलीच्या मधोमध मायक्रोफोन धरतात, छातीएवढ्या उंचीवर. हळूहळू फिरवतात आणि सरासरी घेतात."

"उभ्याने?"

"हो, उभ्यानेच."

तो मान हलवत राहिला. "उभं राहिलं की मलाही नाही ऐकू येत फारसं. कप्तानसाहेब आले, उभे राहिले, म्हणाले, कुठे काय? खलाशी आले, हसून गेले. मी म्हटलं, आडवे व्हा ना घटकाभर. आचाऱ्याच्या बिछान्यावर कोण आडवं होतंय?" त्याने ओठ आवळून एक बारीक आवाज काढला. सुईसारखा. शेजारच्या टेबलावरच्या दोघांनी वळून पाहिलं. "असा. सारखा. बोट चालू झाली की सुरू, बंद झाली की बंद. कानात कापूस घातला तरी येतो. कानातून येतच नाही तो, मॅडम. दातांतून येतो."

दातांतून, हा शब्द तिने मनात टिपून ठेवला.

"तुमच्या कागदामुळे त्यांनी मला मनाच्या डॉक्टरकडे पाठवलं. त्यांनी लिहिलं, भास होतात. आता माझा बोटीवर चढायचा दाखलाच काढून घेतलाय. तीस वर्षं बोटीवर स्वयंपाक केला मी." त्याने कागदाची घडी उलगडली, पुन्हा घातली. "मी भांडायला नाही आलो. घरी बायको माझ्याशी हळू आवाजात बोलायला लागलीये, लहान मुलाशी बोलतात तसं. तुम्ही आवाजातल्या जाणकार. मला एवढंच सांगा, मला वेड लागलंय का?"

तिला पटकन 'नाही' म्हणता आलं असतं. पण तो 'नाही' कशाच्या जोरावर म्हणणार? "मी बघून सांगते," ती म्हणाली. तो उठला तेव्हा चहा तसाच होता. डाव्या हाताने कप धरायची त्याला अजून सवय झाली नव्हती.

संध्याकाळी नवऱ्याला तिने सगळं सांगितलं. त्याचं औषधांचं दुकान होतं आणि माणसांच्या झोपेबद्दल तो तिच्यापेक्षा जास्त जाणत होता. "पाच महिने झोप नाही म्हणजे माणूस उभ्याउभ्या विझतो," तो म्हणाला. "पण एक सांग, तुझा आकडा चुकलाय असं तुला वाटतं का?"

"आकडा नाही चुकलेला. तोच तर घोळ आहे."

"मग?"

"सरासरी बरोबर आहे. पण सरासरीत कुणी झोपत नाही ना."

आणि मग तिने त्याला तेही सांगितलं, जे आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. तीन वर्षांपूर्वी तिच्या हाताखाली एक मुलगी होती, नुकती शिकून आलेली, हुशार. तिने एक दुसरी पद्धत आणली होती. डेकची एक टाकी न धरता त्याचे बारीक बारीक त्रिकोण पाडायचे, आणि प्रत्येक त्रिकोणात ऊर्जा किती एवढंच नाही, तर ती कुठल्या दिशेने चाललीये तेही मांडायचं. टाकीतल्या पाण्याला दिशा नसते. पत्र्यातल्या थरथरीला असू शकते. त्या मुलीचं म्हणणं होतं की जिथे पत्र्याला जोर देणाऱ्या लोखंडी बरगड्या सरळ रेषेत सारख्या अंतरावर आहेत तिथे थरथर सगळीकडे सारखी पसरत नाही, पाटातून पाणी जावं तशी एकाच बाजूने पळते. पण त्या हिशोबाला तीन आठवडे लागत आणि टाक्यांच्या हिशोबाला तीन दिवस. बाईच म्हणाली होती, "अगं, सरासरी पुरते आपल्याला." मुलगी वर्षभरात दुसरीकडे गेली.

"साहेबांनी नको म्हटलं होतं का?" नवऱ्याने विचारलं.

"साहेबांपर्यंत मी जाऊच दिलं नाही."

त्याने ताटं उचलली. जाता जाता म्हणाला, "जाऊन ये बोटीवर. नाहीतर आता तुझ्या डोळ्याला डोळा लागायचा नाही, आणि तुझ्यासाठी गोळ्या मी काही घरी आणणार नाही."

बोट पुढच्या बुधवारी जवळच्या धक्क्याला लागायची होती. तिने एक दिवसाची रजा टाकली आणि मामांना बरोबर घेतलं. कप्तानाची आणि मामांची जुनी ओळख होती. मामांनी शब्द टाकला आणि परवानगी मिळाली, दिवसाच्या फेरीपुरती. मामा वाटेत गप्प होते. ते कधी गप्प नसत.

"काय झालं मामा?"

"माझ्या पोरांचा वेल्ड कुठे वाईट निघाला तर?" ते म्हणाले. "त्या माणसाचा हात माझ्या माथी यायचा."

आचाऱ्याच्या जागी अजून कुणी आलं नव्हतं. खलाशी पाळीपाळीने रांधत होते आणि केबिन कुलूपबंद होती. दार उघडलं तेव्हा आत बंद खोलीचा वास होता. एक टेबल, एक कपाट, आणि कपाट व भिंत यांच्या मधल्या खोबणीत बिछाना, पुढे पडदा. ती खाली वाकली आणि थांबली. भिंत जिथे जमिनीला मिळते त्या सांध्यात चिंध्या कोंबलेल्या होत्या. सुरीच्या टोकाने घट्ट, एकसारख्या, हातभर लांबीत. बिछान्याच्या लोखंडी चौकटीला टॉवेल गुंडाळून सुतळीने बांधला होता. भिंतीला पुठ्ठा चिकटवला होता, त्यावर दुसरा, त्यावर तिसरा. वेड्या माणसाचं काम ते नव्हतं. आवाज कुठून येतो ते ज्याला बरोबर कळलं होतं, पण अडवायचा कसा ते ज्याला कुणी सांगितलं नव्हतं, अशा माणसाचं ते काम होतं.

बोट सुटली. तासाभरात इंजिन नेहमीच्या वेगावर आलं. ती खोलीच्या मधोमध उभी राहिली आणि उपकरणाकडे पाहिलं. अठ्ठावन्न. घुमणारा, साधा, बोटीचा आवाज. मग ती बूट काढून आडवी झाली, पडदा ओढला आणि उशीवर डोकं ठेवलं.

पहिल्यांदा काही नाही. मग ते आलं. बाहेरून आत यावं तसं नव्हे, कवटीतच कुणीतरी तार ताणून वाजवावी तसं. बारीक, पांढरं, अखंड. तिने दात आवळले तर वाढलं. कानांवर हात ठेवले, तसंच राहिलं. उशीपाशी उपकरण धरलं: एकाहत्तर. त्यातही सगळा जोर एकाच सुरावर, दोन हजारांच्या. चौकटीला कंपन मोजायचं चकतीएवढं यंत्र चिकटवलं, तर काटा वर चढून तिथेच राहिला. लोखंडी चौकट, चौकटीवर पातळ गादी, गादीवर माणसाचं डोकं. मायक्रोफोनला डोकं नसतं, हे तिने बारा वर्षांत एकदाही मनात आणलं नव्हतं.

ती किती वेळ पडून राहिली कुणास ठाऊक. मामांनी पडदा सरकवला. "बाई? वीस मिनिटं झाली."

"मामा, तुम्ही झोपून बघा."

मामा आडवे झाले. अर्ध्या मिनिटात उठून बसले, चेहरा उतरलेला. "हे पाच महिने?" एवढंच म्हणाले.

उरलेला दिवस दोघं गुडघ्यांवर होते. गिअरबॉक्सपासून वर येणाऱ्या डेकवर दर वीतभर अंतरावर ती यंत्र चिकटवी, मामा आकडा वहीत लिहीत. डेकखाली दोन-दोन फुटांवर बरगड्या होत्या, बोटीच्या लांबीत सरळ, एकसारख्या. डावीकडच्या पट्ट्यांत आकडे मंद होते, उजवीकडच्यांतही. मधल्या एका पट्ट्यात मात्र आकडा गिअरबॉक्सपाशी जेवढा तेवढाच जवळजवळ शेवटपर्यंत टिकत होता. तो पट्टा आचाऱ्याच्या भिंतीखाली जाऊन संपत होता, बरोबर चिंध्या होत्या तिथे.

मामांनी प्रत्येक वेल्डवरून बोट फिरवलं, टॉर्च मारली, हातोडीने वाजवून पाहिलं. "वेल्ड चोख आहेत," अखेर ते म्हणाले, आणि त्यांच्या खांद्यांवरचं ओझं उतरलेलं दिसलं. मग त्यांना काहीतरी सुचलं आणि ते अवघडले. "मग चूक कुणाची म्हणायची?"

"माझी," ती म्हणाली.

पुढचे बारा दिवस तिने त्या मुलीची पद्धत मांडली. जुन्या फायली उघडल्या, डेकचे त्रिकोण पाडले, दिशा भरल्या. एका जागी अडलं तेव्हा तिने त्या मुलीला फोन केला. मुलीने शांतपणे सगळं समजावलं, 'मी सांगितलं होतं' असं एकदाही म्हणाली नाही, आणि तेच बाईला जास्त लागलं. बाराव्या दिवशी दुपारी पडद्यावर डेक उमटला. सगळा निळसर, आणि मधून एक लाल पट्टा, मामांच्या वहीतल्या आकड्यांवर बेतावा तसा.

ते चित्र, ती वही आणि मोजणी घेऊन ती साहेबांकडे गेली. साहेबांनी सगळं नीट ऐकून घेतलं. चित्राकडे बराच वेळ बघत राहिले.

"छान काम केलंत," ते म्हणाले, आणि ते मनापासून होतं. "बोट पुढच्या महिन्यात दुरुस्तीला आणू. पट्ट्यावर कंपन जिरवणारा जाड थर टाकू, बिछाना भिंतीपासून सोडवून रबरावर ठेवू. पुढच्या बोटींना ही पद्धत वापरू. झालं?"

"आणि माझा कागद?"

"कुठला कागद?"

"समितीला दिलेला. तो मागे घ्यायला हवा."

साहेबांनी चष्मा काढला. "बाई, त्या कागदात खोटं काय आहे? अठ्ठावन्न खरं आहे की नाही?"

"खरं आहे."

"मग मागे काय घेणार? उद्या समिती विचारेल, एकाहत्तर होतं तर ताब्यात कसं दिलं? गोदीचं नाव जाईल. तुमचंही जाईल. आठ बोटींचे आकडे पुन्हा उकरतील. तो माणूस आता पन्नाशीचा आहे, आज ना उद्या बोट सोडणारच होता. त्याचं मी बघतो, दुसरीकडे कुठेतरी चिकटवू त्याला."

"त्याला नोकरी नकोय साहेब. त्याला वेड लागलंय का ते त्याला कळायला हवंय."

"मग सांगा की त्याला, तोंडी. कोण अडवतंय?"

ती जागेवर परतली. तोंडी. खरंच, कोण अडवत होतं? दोन दिवस ती त्या शब्दाशी झुंजली. साहेबांच्या बोलण्यात तिला कुठे बोट ठेवता येईना, आणि पटतही नव्हतं. तिची दोन मुलं शिकत होती. गोदीसारखं काम त्या गावात दुसरं नव्हतं. तिसऱ्या दिवशी तिने समितीला पत्र लिहिलं. या वेळी पंधरा मिनिटांत झालं नाही. सकाळपासून दुपारपर्यंत लागलं. केबिनची सरासरी मर्यादेत असली तरी झोपणाऱ्या माणसाच्या डोक्यापाशी आवाज एकाहत्तर डेसिबल आहे, हे तिने लिहिलं. पद्धत निवडताना दिशेचा विचार करायला हवा होता, तो केला गेला नाही, आणि ती निवड माझी होती, हेही लिहिलं. तक्रारदाराने केलेलं शिळेचं वर्णन मोजणीशी तंतोतंत जुळतं. माझं आधीचं मत मी मागे घेते. प्रत साहेबांच्या टेबलावर ठेवली आणि मूळ पत्र टपालात टाकलं.

साहेब ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. पंधरवड्यात तिची बदली जुन्या नकाशांच्या खोलीत झाली. नकाशे तपासायचे, याद्या करायच्या, खिडकी नाही. तिच्या खुर्चीत बाहेरून आणलेला एक माणूस आला आणि त्याला पहिल्याच दिवशी त्रिकोणांची पद्धत शिकायला सांगितलं गेलं. मामा रोज जेवायला नकाशांच्या खोलीत येऊन बसत. मामीवरचे विनोद बंद झाले होते; नुसते जेवत, आणि जाताना "बरंय बाई" म्हणत.

समितीने प्रकरण पुन्हा उघडलं. चार महिने गेले. भास होतात हा शेरा काढला गेला. दाखला परत मिळाला, पण तोवर हात आखडला होता. उजव्या हाताची दोन बोटं मिटत नव्हती आणि अशा हाताने हलत्या बोटीवर कढई उचलता येत नाही. निकालाची प्रत तिला टपालाने आली. त्याच रविवारी ती त्याच्या घरी गेली.

दोन खोल्यांचं, स्वच्छ घर. त्याच्या बायकोने दार उघडलं आणि आलेली बाई कोण हे कळताच दाराची कडी धरून क्षणभर तशीच उभी राहिली. आत या म्हणायचं की नाही हे ती ठरवत असावी. मग बाजूला झाली.

"निकाल मिळाला?" बाईने आचाऱ्याला विचारलं.

"मिळाला. पण त्यातली भाषा नाही कळत मला. तुम्ही लिहिलेलं पत्र आहे का? तेच वाचा."

तिने वाचलं. मध्ये मध्ये सोप्या शब्दांत सांगितलं. 'वर्णन मोजणीशी तंतोतंत जुळतं' या ओळीपाशी त्याने डावा हात वर केला. "हे परत वाचा. हिला ऐकू दे." तिने परत वाचलं. बायको भिंतीला टेकून उभी होती. तिने पदर तोंडाशी नेला आणि आत निघून गेली. आतून भांडी घासण्याचा आवाज येत राहिला, एकच भांडं बराच वेळ.

"मी तुमची माफी मागायला आलेय," ती म्हणाली.

"मागू नका," तो म्हणाला. रागाने नव्हे. "मागितलीत की मला करावी लागेल. अजून जमायचं नाही."

थोड्या वेळाने तिने विचारलं, "झोप लागते आता?"

"दोन-तीन तास. इथे शांत आहे, पण मीच जागा राहतो. कधी सुरू होईल याची वाट बघत असल्यासारखा." तो खिडकीबाहेर बघत होता. मग वळला. "अशी दुसरी बोट आहे का हो? याच नमुन्याची?"

"आहे एक. हिच्या वर्षभर आधी उतरली. पण तिच्यावरून कधी तक्रार नाही आली."

तो पहिल्यांदाच हसला, आणि ते हसू बघवेना. "तक्रार केल्यावर माझं काय झालं ते सगळ्या धक्क्यांवर माहीत आहे, मॅडम. कोण करेल? तिथे त्या खोलीत कोण राहतं ते बघितलंत?"

तिने बघितलं नव्हतं. नकाशा तिला पाठ होता. केबिनचा नंबर, भिंतीची जाडी, दोन बरगड्यांमधलं अंतर. राहणाऱ्या माणसाचा विचार तिच्या मनाला शिवला नव्हता, आणि इतकं सगळं होऊनही शिवला नव्हता, याने तिला तिथे बसल्या बसल्या मेल्याहून मेल्यासारखं झालं.

त्या बोटीची खबर काढायला तिला चार दिवस लागले. पाचव्या दिवशी, कुणाला न विचारता, ती तीन तासांचा प्रवास करून दुसऱ्या धक्क्यावर गेली. केबिन तेलवाल्याची होती. इंजिनात तेलपाणी बघणारा, तिशीतला, अबोल माणूस. बिछान्यावर त्याची ट्रंक आणि कपड्यांची गाठोडी होती. झोपायच्या खुणा नव्हत्या.

"तुम्ही झोपता कुठे?" तिने विचारलं.

त्याने आधी दाराबाहेर कुणी आहे का ते पाहिलं. मग खालच्या आवाजात म्हणाला, "जेवणघरातल्या बाकावर. चौदा महिने झाले. कुणाला सांगू नका, बाई. लोक वेडा म्हणतील."

तिने त्याला जेवणघरात नेऊन त्याच बाकावर आपल्या शेजारी बसवलं आणि पिशवीतून कागद काढला. "तुम्ही सांगा, मी लिहिते," ती म्हणाली. "कुठे पडल्यावर ऐकू येतं, कसं ऐकू येतं, सगळं. आणि खाली सही मी करेन."

त्याने कोरा कागद पाहिला, तिच्या हातातलं पेन पाहिलं. मग सांगायला लागला.